सिनेमात न दिसणारे सहा आठवडे

मुलगा सुटकेस ओढत विमानतळाच्या काचेच्या दारातून आत जातो. आई पदराने डोळे पुसते, बाबा उगाचच हात हलवत राहतात. पुढच्या दृश्यात तो लांब कोट घालून, हातात कॉफी घेऊन पुलावरून चाललेला असतो. मागे नदी, ट्राम, भुरभुरणारं बर्फ. त्याला राहायला घर आहे, घरात पडदे आहेत, बँकेत खातं आहे, फोन चालू आहे. हे आपण इतक्या वेळा पाहिलंय की या दोन दृश्यांच्या मध्ये काही घडत असेल, असं मनातही येत नाही.

मी २०१६ मध्ये नाशिकहून जर्मनीत श्टुटगार्टला शिकायला आले आणि इथेच राहिले. दर वर्षी ऑगस्ट उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाच्या भाच्याला, कुणाच्या शेजारणीच्या मुलीला प्रवेश मिळालेला असतो. आणि दर वर्षी ऑक्टोबरात त्यांच्यापैकी कुणीतरी रडवेल्या आवाजात विचारतं, "ताई, माझंच काही चुकतंय का? बाकीच्यांचं तर सगळं झालं." त्यांचं काहीच चुकत नसतं. परदेशी जाणं म्हणजे काय हे त्यांनी जिथे पाहिलं, तिथे हा भाग दाखवलेलाच नसतो. तो इथे सांगते. उदाहरण जर्मनीचं घेते, कारण तिथलं मला पक्कं माहीत आहे. देश बदलला तर कागदांची नावं बदलतील, गुंता साधारण हाच राहील.

सुरुवात आपल्या नावापासून होते. सिनेमात नायक खिडकीपाशी जातो, नाव सांगतो, शिक्का बसतो. आता आपली दहावीची गुणपत्रिका काढून बघा. आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टात रकाने दोनच: आडनाव आणि नाव. वडिलांचं नाव कुणी नावाच्या रकान्यात जोडलेलं असतं, कुणी सोडून दिलेलं असतं. पदवीवर आणखी तिसराच क्रम. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, कारण आपण जन्मापासून हेच बघतोय. पण परक्या देशातल्या कारकुनाला 'कुलकर्णी स्नेहा विजय', 'स्नेहा विजय कुलकर्णी' आणि 'स्नेहा कुलकर्णी' या तीन वेगवेगळ्या बायका वाटू शकतात, आणि त्याला दोषही देता येत नाही.

लग्न झालेल्या मुलींचं घोडं इथे जास्त अडतं. आपल्याकडे लग्नानंतर नुसतं आडनाव बदलत नाही, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, काही घरांत तर पहिलं नावही बदलतात. पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, पासपोर्ट ज्या वर्षी काढला त्या वर्षीच्या नावाचा. मग विवाह नोंदणीचा दाखला शोधा, राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या, पासपोर्ट नव्याने करा. यात महिने जातात. माझं कळकळीचं सांगणं एवढंच की प्रवेशाचे अर्ज भरण्याच्याही आधी सगळी कागदपत्रं टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर अन् अक्षर ताडून बघा. 'दीक्षित'मध्ये एका ठिकाणी दोन 'ई' आणि दुसऱ्या ठिकाणी एक 'आय' असेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं.

मग एपीएस, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र. भारतातून जर्मनीत शिकायला जाणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून हे प्रमाणपत्र व्हिसासाठी बंधनकारक झालं. दिल्लीतली त्याच नावाची संस्था तुमच्या गुणपत्रिका आणि पदवी खरी आहे का, जर्मन विद्यापीठात शिकायला ती पुरेशी आहे का, हे तपासते. शुल्क १८,००० रुपये. पैशापेक्षा वेळ महत्त्वाचा, कारण हे हातात आल्याशिवाय पुढचं काही हलत नाही.

आणि मग पैसे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे खरं आहे. (आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो भरावे लागतात. हे ऐकून दर वर्षी कुणाचा तरी चेहरा पडतो.) पण 'फी नाही' म्हणजे 'खर्च नाही' असं घरी सगळे धरून चालतात. व्हिसा हवा असेल तर एका वर्षाचा राहण्याखाण्याचा खर्च आपल्याकडे आहे हे आधी सिद्ध करावं लागतं. त्याचा सगळ्यात रुळलेला मार्ग म्हणजे श्पेरकोंटो, कुलूपबंद खातं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात ११,९०४ युरो भरावे लागतात, आपले बारा लाखांच्या घरात. पैसे तुमचेच, पण तुम्हाला एकदम काढता येत नाहीत. तिथे पोचल्यावर दर महिन्याला ९९२ युरो सुटतात, तेवढेच. या रकमेसाठी कुणी मुदत ठेव मोडतं, कुणी कर्ज काढतं, कुणाच्या घरी आईच्या पाटल्या गहाण पडतात. सिनेमातल्या निरोपाच्या दृश्यात आई रडते ते मुलगा लांब जातो म्हणून. खऱ्या आईच्या रडण्यात त्या बारा लाखांचाही वाटा असतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता एक हिशेब करून बघू, कारण नेमका इथेच पहिला महिना फसतो. समजा, नशिबाने एका सामायिक घरात खोली मिळाली. इथे भाडं दोन प्रकारांनी सांगतात. 'थंड' भाडं म्हणजे नुसत्या जागेचं, 'उबदार' भाडं म्हणजे त्यात हीटिंग, पाणी वगैरे धरून. थंड भाडं ४५० युरो, उबदार ५५०. अनामत रक्कम म्हणून घरमालक जास्तीत जास्त तीन महिन्यांचं थंड भाडं मागू शकतो, असा कायदाच आहे. आणि बहुतेक जण तेवढं मागतात. म्हणजे १,३५० अधिक पहिल्या महिन्याचे ५५०, झाले १,९००. कुलूपबंद खात्यातून सुटणार ९९२. त्यातही ते लगेच सुटत नाहीत, कारण ते जमा व्हायला इथलं चालू खातं लागतं. अजून जेवण नाही, प्रवास नाही, आणि आरोग्य विमा तर सक्तीचा, विद्यार्थ्यांच्या दरानेही महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास जाणारा. म्हणून मी प्रत्येकाला सांगते: कुलूपबंद खात्यातले पैसे सोडून हाताशी निदान दोन हजार युरो वेगळे आणा. आणि अनामत रक्कम तीन हप्त्यांत भरायची मुभा कायद्याने भाडेकरूला दिलेली आहे, ती मागायला संकोच करू नका.

खोली मिळणं हेच मुळात अवघड. रिकामं घर भाड्याने घेतलं तर त्यात कपाट नसतं, दिवे नसतात, पुष्कळदा स्वयंपाकघराच्या जागी चार भिंती आणि नळाची पाइप एवढंच असतं. ओटा, शेगडी, सिंक आधीचा भाडेकरू उचकटून घेऊन गेलेला असतो. त्यामुळे विद्यार्थी हॉस्टेलच्या रांगेत नाव लावतात किंवा सामायिक घरातली खोली शोधतात, ज्याला इथे व्हेगे म्हणतात. व्हेगेतली मंडळी मुलाखत घेतात, तू स्वच्छ आहेस का, रात्री उशिरा स्वयंपाक करतोस का, असं विचारतात. आणि या घाईचा फायदा घेणारे चोरही टपलेले असतात. "मी सध्या दुसऱ्या देशात आहे, अनामत पाठव, किल्ली कुरिअरने येईल," असा निरोप आला तर समजून जा. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किंवा विश्वासातल्या माणसाला दाखवल्याशिवाय एक पैसाही पाठवू नका.

आता खरा गुंता. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. याला आनमेल्डुंग म्हणतात आणि इथल्या मराठी पोरांच्या तोंडी हा शब्द 'रेशनकार्ड'इतका रुळलेला आहे. नोंदणीसाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. नोव्हेंबर २०१५ पासून ते कायद्याने सक्तीचं आहे. म्हणजे ओळखीच्या दादाकडे सोफ्यावर झोपत असाल तर नोंदणी सहसा अडते, कारण दादा भाडेकरू, आणि मालकाला न विचारता तो असं पत्र द्यायला तयार होईलच असं नाही. नोंदणी नाही तर पुष्कळ बँका खातं उघडत नाहीत. खातं नाही तर कुलूपबंद पैसे येत नाहीत. पैसे नाहीत तर अनामत भरता येत नाही. अनामत नाही तर घर नाही. आणि घर नाही तर नोंदणी नाही. वर या प्रत्येक ठिकाणी आधी वेळ, म्हणजे टर्मिन, घ्यावी लागते. 'टर्मिन मिळाला का?' हा इथला पहिल्या दोन महिन्यांतला परवलीचा प्रश्न. मोठ्या शहरांत टर्मिन काही आठवड्यांनंतरचाही मिळतो.

हा फेरा कुठून तरी तोडावा लागतो. बहुतेकांचा तुटतो तो असा: निघण्यापूर्वीच अशी तात्पुरती खोली ठरवायची जिचा मालक नोंदणीचं पत्र देईल, मग ती थोडी महाग का असेना. एवढी एक गोष्ट साधली की बाकीचे मणी ओवले जातात. म्हणून जाहिरात बघताना भाड्याच्याही आधी एक प्रश्न विचारायचा: इथे नोंदणी करता येईल का?

माझा फेरा ज्या ठिकाणी अडकला, ते आठवलं की आजही माझ्या पोटात कालवतं. मला खोली मिळाली होती, नोंदणी झाली होती. बँकेचं कार्ड आणि त्याचा पिन वेगवेगळ्या पाकिटांत पोस्टाने येणार होते. विम्याचं कार्ड येणार होतं. नोंदणीनंतर सरकार प्रत्येकाला अकरा आकडी कर क्रमांक देतं, तेही पत्र येणार होतं. मी रोज संध्याकाळी खाली जाऊन पत्रपेटी उघडायची. रिकामी. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. हातातले पैसे संपत आले होते. घरी फोनवर आई विचारायची, "सगळं व्यवस्थित ना?" मी म्हणायची, "हो, खूप छान आहे इथे."

शेवटी शेजारच्या आजींनी मला पेटीसमोर उभी पाहिलं आणि बोटाने दाखवलं. पेटीवर दोन नावं होती, दोन्ही माझ्या घरातल्या जर्मन मुलींची. माझं नाव नव्हतं. इथे पत्त्यात फ्लॅटचा नंबर नसतो. इमारतीचा क्रमांक आणि माणसाचं आडनाव, बस. पेटीवर आणि दारावरच्या बेलवर ते आडनाव नसेल तर पोस्टमनच्या लेखी तुम्ही तिथे राहतच नाही. तो पत्र परत पाठवतो. माझी सगळी पत्रं तीन आठवडे येऊन येऊन परत जात होती. मी वहीचा कागद कापला, त्यावर मोठ्या अक्षरांत आडनाव लिहिलं आणि चिकटपट्टीने लावलं. मग एकेका कार्यालयाला पुन्हा पत्र पाठवायची विनंती करत बसले. नाशिकच्या आमच्या वाड्यात पोस्टमनकाका नुसतं 'आक्कांच्या नातीचं पत्र' म्हणून हाक मारायचे. पेटीवर नाव लावायला हवं हे मला सुचणार तरी कुठून?

पुढचे टप्पे भराभर सांगते. व्हिसा ठरावीक महिन्यांचा असतो. तो संपण्यापूर्वी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज करायचा. तिथेही गर्दी. परवाना वेळेत मिळाला नाही तर मधल्या काळासाठी एक तात्पुरता कागद देतात, तो जपून ठेवायचा. शिकताना काम करायला मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस अशी मर्यादा आहे, त्यामुळे 'तिथे गेला की कमावेल आणि कर्ज फेडेल' हा घरचा हिशेब पहिल्या वर्षी जमत नाही. घरटी १८.३६ युरो महिना सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी येते, घरात टीव्ही असो वा नसो. आणि सिनेमातला नायक उतरल्या उतरल्या गाडी चालवतो. खरं म्हणजे भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. प्रेमकथांत नायिका शेवटी विमानात बसून त्याच्याकडे येते. प्रत्यक्षात नवरा किंवा बायको म्हणून येणाऱ्याला बहुतेक वेळा आधी जर्मनची ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची परीक्षा द्यावी लागते. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या निवास परवान्यावर असलेल्यांच्या जोडीदाराला ती माफ आहे. पुण्या-मुंबईच्या माक्स म्युलर भवनात त्या वर्गांना बसलेल्या नव्या नवऱ्या मी पाहिल्या आहेत, हातावरची मेंदी अजून गेलेली नसते आणि समोर नामांच्या तीन लिंगांचा तक्ता असतो. त्या मुलींवर कुणी सिनेमा काढला तर मी पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत बसेन.

मग सिनेमा हे सगळं का गाळतो? एक कारण उघड आहे: दोन-अडीच तासांत रांगा दाखवून कुणाचं मन रमणार नाही, आणि वेळ कापणं हा पटकथेचा जुना हक्क आहे. पण मला आणखी एक कारण महत्त्वाचं वाटतं. चित्रीकरणासाठी परदेशी गेलेलं युनिट तिथे राहायला जात नाही. ते काही आठवड्यांसाठी जातं, हॉटेलात उतरतं. परवानग्या, गाड्या, जेवण, जागा हे सगळं तिथला लाइन प्रोड्यूसर बघतो. शिवाय अनेक देश चित्रीकरणावर त्यांच्या देशात झालेल्या खर्चाचा काही भाग निर्मात्यांना परत देतात, कारण पडद्यावर दिसलेला डोंगर पाहून पर्यटक येतात. स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनमध्ये २०१६ साली यश चोप्रांचा पुतळा बसवला गेला तो त्याच कृतज्ञतेपोटी. गेल्या काही वर्षांत कितीतरी मराठी सिनेमे लंडनला चित्रित झाले. तिथे गेलेल्या कलाकारांना, तंत्रज्ञांना स्वतःला नगरपालिकेची खिडकी बघावीच लागली नाही, तर ती कथेत येणार कुठून? पाहुण्याच्या नजरेने पाहिलेला देश आपल्याला राहणाऱ्याची गोष्ट म्हणून दाखवला जातो.

सगळेच सिनेमे असे नाहीत. 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) या गौरी शिंदे यांच्या सिनेमात पुण्याची शशी गोडबोले भाचीच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला जाते. त्यात व्हिसाची मुलाखत आहे, आणि कॉफीच्या दुकानात काउंटरपलीकडच्या बाईचे भराभर आलेले प्रश्न न कळल्याने शशीची होणारी तारांबळ आहे. ती फक्त काही आठवड्यांसाठी आलेली आहे, बहिणीचं घर तिच्यासाठी तयार आहे, तरीही एक कप कॉफी मागणं केवढं मोठं असू शकतं हे तो प्रसंग सांगतो. माझ्या आईने तो प्रसंग पाहिला आणि मला फोन करून विचारलं, "तुझंही असं झालं होतं का गं?" तेव्हा कुठे मी तिला पत्रपेटीची गोष्ट सांगितली, पूर्ण दोन वर्षांनी.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, तेव्हाही प्रश्न हेच होते: कुठे राहायचं, काय खायचं, थंडीत लुगड्याचं काय करायचं. आपण शाळेत पहिली भारतीय महिला डॉक्टर एवढंच शिकतो. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर मावशींनी एका मासिकात त्यांच्याविषयीचं पत्र वाचलं, ओळखदेख नसताना स्वतःहून लिहिलं आणि स्वतःच्या घरात त्यांना ठेवून घेतलं. ते घर नसतं, तर फिलाडेल्फियाचं मेडिकल कॉलेज आनंदीबाईंना किती लांब पडलं असतं, याचा विचार मी हल्ली फार करते.

यंदा ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सांगलीचा एक मुलगा आला. स्टेशनवर उतरला तेव्हा खांद्यावर मोठी बॅग, हातात कुकर असलेली पिशवी, आणि चेहऱ्यावर तीच सिनेमातली उत्सुकता. आम्ही आधी त्याच्या घरी गेलो. मी पर्समधून आदल्या रात्री छापून आणलेल्या दोन पट्ट्या काढल्या, एक बेलसाठी, एक पेटीसाठी. त्याचं आडनाव चौदा अक्षरांचं आहे, पट्टीत मावत नव्हतं म्हणून मी अक्षरं थोडी बारीक केली होती. तो म्हणाला, "ताई, हे आत्ता लगेच कशाला? उद्या लावतो की." मी म्हटलं, "आधी हे लाव, मग वर जाऊ, मग चहा." त्याने अंगठ्याने दाबून दाबून पट्टी चिकटवली, चारही कोपरे.